प्रवाह बंद, तापमान चालू

ऑफिसात सगळे त्यांना बंदवाले काका म्हणत. तोंडावर नुसतं काका, आणि पाठ वळली की बंदवाले. काकांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाला आयुष्यात निदान एक तरी नाव स्वतःच्या कामावरून मिळावं. बाकीची सगळी नाती-नावं काय, जन्माला आलं की आपोआप चिकटतातच.

हे नाव का पडलं ते सांगायचं तर त्यांच्या कामाविषयी चार शब्द बोलावे लागतील. समीकरण हा शब्द आला की चांगल्या चांगल्यांच्या कपाळाला आठी पडते, पण घाबरू नका, इथे गणित एकही सोडवायचं नाही. काकांची कंपनी लहानशी होती. एका जुन्या व्यापारी इमारतीचा तिसरा मजला, खाली चष्म्यांचं दुकान, जिन्यात कायम ओल्या रंगाचा वास. धंदा असा की कुणी सभागृह बांधतं, कुणी शीतगृह, कुणी पाण्याची टाकी, आणि बांधण्याआधी विचारतं, यातली हवा कशी फिरेल? पाणी कुठे गार पडेल? मग ही मंडळी ती टाकी कॉम्प्युटरमध्ये उभी करत, तिचे लाखो बारीक चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनात क्षणाक्षणाला काय घडतंय ते कॉम्प्युटरला मोजायला लावत. याला म्हणायचं सिम्युलेशन, आणि एकदा मोजायला बसवलं की त्या खेपेला म्हणायचं रन.

त्या मोजणीत समीकरणं असतात पाच-सहा. पाणी पुढे किती सरकलं, बाजूला किती, वर किती. दाब किती, भोवरे किती. आणि तापमान किती. ही सगळी एकमेकांच्या सारख्या खोड्या काढत असतात. दाब बदलला की वेग बदलतो, वेग बदलला की तापमान, आणि तापमान बदललं की पुन्हा वेग. म्हणून बिचाऱ्या कॉम्प्युटरला सेकंदाच्याही बारीक तुकड्यांनी, मुंगीच्या पावलांनी पुढे जावं लागतं. टाकीतले दोन-तीन दिवस मोजायला तो महिना महिना घेतो. गिऱ्हाईक काही महिनाभर थांबत नाही.

काकांची कला इथे होती. ते चालू रनकडे बघत बसत, चष्मा कपाळावर, हातात गार झालेला चहा. बघता बघता म्हणत, ‘प्रवाह बसला आता. झोपव त्याला.’ म्हणजे वेग, दाब, भोवरे यांची समीकरणं बंद करायची. पाणी ज्या वेगाने चाललंय त्याच वेगाने चाललंय असं धरून चालायचं आणि एकट्या तापमानाचं समीकरण चालू ठेवायचं. तापमान एकटं असलं की फार गुणी असतं. ढांगा टाकत जातं. महिन्याचं काम चुटकीसरशी होतं.

पण झोपवलेला प्रवाह अधूनमधून उठवावा लागतो. त्याला म्हणायचं, बाबा रे, तू झोपला होतास तेवढ्यात तापमान एवढं बदललं, आता तुझं तू काय ते बघ. मग तो थोडा वेळ जागा राहून आपली चाल नव्याने ठरवतो आणि पुन्हा झोपतो. फार वेळा उठवलं तर वेळ वाचत नाही. फार उशिरा उठवलं तर कॉम्प्युटर अगदी सरळ चेहऱ्याने खोटं बोलतो. ‘काका, कधी उठवू?’ हा प्रश्न दिवसभर त्या मजल्यावर ऐकू येई, आणि नवख्या माणसाला वाटे की इथे कुणाचं तरी तान्हं मूल सांभाळायला ठेवलंय. काका नव्या पोरांना दटावून सांगत, झोपवायला अक्कल लागत नाही, उठवायला लागते.

एखादं समीकरण मुळात हवंच कशाला, याचीही त्यांची एक कसोटी होती. एक छोटा रन ते ठेवून करायचा, एक ते काढून. उत्तर तेच आलं तर ते काढून टाकायचं. ‘ठेवून काय फरक पडतो?’ हे त्यांचं पालुपद. मॅडम, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, काकांपेक्षा बऱ्याच लहान, गिऱ्हाइकांसमोर हे वाक्य स्वतःचं असल्यासारखं म्हणत. काका त्याकडे कानाडोळा करत.

असा हा हुशार माणूस संध्याकाळी घरी जाई तेव्हा घरी कुणी नसे.

भांडण नव्हतं. भांडण असतं तर लोकांना सांगायला तरी सोपं गेलं असतं. मुलीला मुलगी झाली तेव्हा काकांची बायको चार-सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेली, दुसऱ्या शहरात, बसने दिवसभराच्या अंतरावर. मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, म्हणून आणखी थोडं राहिली. मग नात आजारी पडली. मग नात चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. प्रत्येक वेळी मुक्काम वाढला तो योग्य कारणाने वाढला आणि प्रत्येक वेळी काकांनी ‘बरोबर आहे’ असंच म्हटलं. आता नात तिसरीत होती. काका सुरुवातीला वर्षातून दोनदा जाऊन येत, मग एकदा. मग कामाचं काही ना काही निघत गेलं आणि गेली दोन वर्षं तेही राहिलं होतं.

घर चालू ठेवायला किती कमी लागतं हे त्यांना या काळात कळलं. त्यांनी आतली खोली बंद केली आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागले. शेगडीचा एकच बर्नर पेटे. फ्रिजचा एकच कप्पा वापरात होता. त्यात अंडी, दूध आणि अर्धा चिरून ठेवलेला कांदा. दोन कप, एक ताट, एक खोल वाटी. बाकीची भांडी कपाटात वरच्या फळीवर गेली. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, करमतं का हो एकट्याला? काका म्हणाले, काम असतं ना. हे उत्तर त्यांना इतकं पटलं की पुढे ते स्वतःलाही तेच देऊ लागले.

आणि रविवारी फोन. सकाळी साडेदहाच्या सुमाराला. जेवलीस का, अजून नाही, तुम्ही? बसतो आता. गुडघा कसा आहे? आहे तसाच. ऊन फार आहे का तिकडे? आहे. नात काय म्हणते? खेळते आहे, देऊ का? राहू दे, खेळू दे. ठेवते मग. ठेव. काकांच्या हिशेबी हा उत्तम चाललेला रन होता. कुठे गचका नाही, कुठे लाल अक्षरात इशारा नाही.

या महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. हा विचार त्यांच्या मनात गेलं वर्षभर घोळत होता, आणि त्याच्या पोटात दुसरा एक विचार होता जो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. आता आपण घरीच असणार. आता तिला परत ये म्हणायचं. हे फोनवर म्हणणं जिवावर येत होतं. समोर बसून म्हणायला हवं होतं. त्यांनी आतली खोली उघडली, भिंतींना रंग काढून घेतला, गादी उन्हात टाकली, गॅलरीत दुसरी खुर्ची आणून ठेवली. आरशासमोर उभं राहून वाक्यही बसवलं. ‘मी आता मोकळा झालो. तू परत ये.’ यापेक्षा लांब वाक्य त्यांना जमलं नाही आणि यापेक्षा लांब लागेल असं त्यांना वाटलंही नाही. ती हो म्हणेल की नाही, यावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते त्यांना स्वच्छ माहीत होतं. रात्रीची झोप काही उगाच उडाली नव्हती.

चार दिवसांची रजा मागितली तेव्हा मॅडम म्हणाल्या, खुशाल जा, पण टाकीचं उत्तर देऊन जा.

टाकी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघराची होती. दोन मजली उंच, जाड वेष्टनाची. शुक्रवारी संध्याकाळी पाणी कढत करून भरायचं आणि सोमवारी सकाळी चादरी धुवायला वापरायचं. मधले दोन दिवस धुलाईघर बंद. प्रश्न एवढाच की सोमवारी सकाळी टाकीच्या माथ्याशी, मध्यभागी, जिथून पाणी ओढून घेतात तिथे, ते पुरेसं कढत असेल का? पुरेसं नसलं तर चादरींतले जंतू मरत नाहीत आणि मग वेगळा तापक, म्हणजे हीटर, बसवावा लागतो.

काम काकांच्या हातखंड्यातलं. दोन दिवस कुणी पाणी काढत नाही, पाणी जागच्या जागी उभं. प्रवाह झोपवायला याहून चांगली जागा कुठली? फक्त त्याला अधूनमधून उठवायचं. काकांनी रन लावला आणि लागणारा वेळ बघितला, तर बसच्या दिवसाच्या पुढे दोन दिवस जात होते.

त्या दुपारी काकांनी जे केलं ते त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. त्यांनी उठवण्याच्या वेळा लांबवल्या. तरीही रन वेळेत बसेना, तेव्हा त्यांनी त्या सरळ काढूनच टाकल्या. उभंच तर आहे पाणी, ते मनाशी म्हणाले. उठून करणार काय? कसोटीचा छोटा रन करायला वेळ नव्हता, आणि इतक्या वर्षांचा अनुभव काय फक्त मिरवायला असतो? प्रवाह बंद, तापमान चालू. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार. सोमवारी सकाळी मध्यभागचं पाणी जवळपास शुक्रवारइतकंच कढत. मॅडमना आकडा सांगितला, त्यांनी तो गिऱ्हाइकाला कळवला. गिऱ्हाईक खूश, तापकाचा खर्च वाचला. काकांनी बॅग उचलली आणि बस गाठली.

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. दार नातीने उघडलं, वर बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, ‘फोनवाले आजोबा आले.’ मुलगी कानकोंडी झाली. जावई हसला, बायको हसली, काकाही हसले. नावं कामावरूनच पडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सगळ्यांनी त्यांचं नीट केलं. जावयाने बॅग उचलली, मुलीने बैठकीत अंथरूण घातलं, बायकोने चहात साखर बरोबर घातली. पण काकांना कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. स्वयंपाकघरात उभे राहिले तर कुणालातरी फ्रिज उघडायचा असे. गॅलरीत उभे राहिले तर कपडे वाळत घालायचे असत. पाहुण्याला बसायला सांगतात तसं प्रत्येक जण त्यांना ‘तुम्ही बसा ना’ म्हणत होता. ती चौघं त्या घरात एकमेकांना न धडकता फिरत होती. काका सोफ्यावर बसून ते बघत राहिले, आणि त्यांना फार एकटं वाटलं, घरी दिवाणावर वाटायचं त्याहून कितीतरी जास्त.

संध्याकाळी बायको खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होती. बारीक अक्षर, कलता उजेड. काका बराच वेळ बघत राहिले, काहीतरी वेगळं होतं पण काय ते सापडेना. मग सापडलं. ‘चष्मा कुठे गेला तुझा?’

‘लागत नाही आता,’ ती पान उलटत म्हणाली. ‘मोतीबिंदू काढला ना.’

कधी, असं काकांनी विचारलं. मागच्या वर्षी, ती म्हणाली, आधी उजवा, मग महिन्याने डावा. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुलगी ऐकत होती. काकांनी मनातल्या मनात मागच्या वर्षीचे रविवार उलटून पाहिले. सगळे सारखेच दिसत होते. गुडघा आहे तसाच, ऊन आहे, ठेवते मग.

‘मला का नाही कळवलं?’

‘कळवून काय झालं असतं?’

ती हे टोचून बोलली नव्हती. पिशवी घेऊ का बरोबर, असं विचारावं तितक्या साधेपणाने तिने विचारलं होतं, आणि उत्तर असतं तर ऐकूनही घेतलं असतं. मुलीने रजा काढली होती, जावयाने गाडीने नेलं-आणलं होतं, समोरच्या घरातली बाई दिवसातून चार वेळा येऊन डोळ्यांत थेंब घालून जायची. काकांनी प्रामाणिकपणे शोधायचा प्रयत्न केला. आपण आलो असतो, रुग्णालयाच्या बाकावर बसलो असतो. कुणीतरी आपल्यालाही चहा आणून दिला असता. शस्त्रक्रिया तशीच झाली असती, डोळे आज इतकेच चांगले असते. ठेवून आणि काढून, उत्तर तेच. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांवर लावलेली कसोटी होती ती, आणि तिची धार अंगावर कशी लागते ते त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी वर्तमानपत्राचं दुसरं पान मागून घेतलं आणि ते डोळ्यांसमोर धरलं.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने विषय सोडून दिला असता. पण ज्यासाठी आले होते ते न बोलता परत जाणं काकांना शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीला शाळेतून आणायला ती निघाली तेव्हा तेही बरोबर निघाले. रस्ता लांब नव्हता. ती भराभर चालत होती, वाटेत औषधवाल्याशी बोलली, एका म्हाताऱ्याला काठी उचलून दिली, कुणाच्या तरी कुत्र्याला नावाने हाक मारली. शाळेच्या फाटकासमोर एक बाक होता. घंटा व्हायला थोडा अवकाश होता. दोघं बसली.

काकांनी बसवलेलं वाक्य म्हटलं. मग रंगवलेल्या खोलीविषयी सांगितलं, गॅलरीतल्या खुर्चीविषयी सांगितलं. इतकं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘मी नाही यायची,’ ती म्हणाली.

काका म्हणाले, नातीसाठी म्हणत असशील तर थोडे दिवस थांबू. नात मोठी झाली, ती म्हणाली, आणखी दोन वर्षांनी तिला मी शाळेत न्यायला आलेली आवडणारही नाही. मुलीचं माझ्यावाचून काही अडत नाही. ते कारण नाही.

‘मग?’

ती फाटकाकडे बघत राहिली. ‘तिथे मी एकटी असायचे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही घरात असताना.’

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. नातीने दप्तर आजीच्या हातात दिलं, वेणी सोडली आणि काकांना विचारलं, तुम्ही उद्या जाणार ना? काकांनी हो म्हटलं. खरं तर जायचं होतं परवा.

घरी आल्यावर रजेचा एक दिवस उरला होता, पण घरात बसवेना. आतल्या खोलीला नव्या रंगाचा वास येत होता. काका ऑफिसात गेले. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कसा झाला प्रवास, सगळे विचारून गेले, छान झाला, काका म्हणाले. मग करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी टाकीचा रन उघडला. आकडा त्यांनी पाहिला होता. चित्र पाहायला तेव्हा वेळ झाला नव्हता.

चित्रात टाकी उभी चिरलेली दिसते, कढत पाणी लाल, गार निळं. काकांनी ते पाहिलं आणि चष्मा काढून पुसून पुन्हा घातला. टाकीच्या मधोमध लालभडक खांब होता, वरपासून खालपर्यंत. आणि त्याच्या भोवती, भिंतीला लागून, निळं पाणी. अगदी माथ्यापर्यंत. गार झालेलं जड पाणी टाकीच्या वरच्या टोकाला भिंतीला टेकून निवांत उभं होतं आणि खाली पडत नव्हतं.

पहिल्या आठवड्यातला शिकाऊही हे चित्र बघून हसला असता. भिंतीजवळचं पाणी गार होतं, जड होतं आणि भिंतीवरून खाली घसरतं. फार हळू, बोटभर जाडीचा पडदा, बाहेरून बघणाऱ्याला काहीच हलत नाही असं वाटावं इतकं हळू. पण ते खाली गेलं की त्याच्या जागी मधलं कढत पाणी भिंतीकडे येतं, तेही गार होतं, तेही घसरतं, आणि असं करत करत सगळी टाकी निवते. काकांनी प्रवाह झोपवला आणि उठवलाच नाही. म्हणून भिंतीजवळचं भिंतीजवळ गार होत राहिलं आणि मधलं मधे कढत राहिलं, दोघांचा एकमेकांशी संबंध न येता.

काका बराच वेळ त्या चित्रासमोर बसून राहिले. त्यांना टाकीची फारशी काळजी वाटत नव्हती, टाकी अजून बांधायची होती. उभंच तर आहे, उठून करणार काय, हे आपण कशाविषयी म्हणालो होतो, ते त्यांना आठवत होतं, आणि ते फक्त पाण्याविषयी होतं असं त्यांना आता वाटेना.

मॅडमना त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. मॅडम आधी म्हणाल्या, फरक दोन-चार अंशांचाच असेल. काका म्हणाले, माहीत नाही, आणि माहीत नसताना सांगितलं हेच चुकलं. दिलेला आकडा मागे घ्या. नवा देतो, पण या वेळी काही बंद न करता. मॅडमनी हिशेब केला. रन काकांच्या निवृत्तीच्या पुढे जात होता. रन संपेपर्यंत मी येत जाईन, काका म्हणाले, पगार नको, खुर्ची तेवढी असू द्या. मॅडमनी काकांचा चेहरा बघितला आणि गिऱ्हाइकाला फोन लावला.

महिनाअखेरीला निरोप झाला, भाषणं झाली, कुणीतरी बंदवाले काका असं तोंडावरच म्हटलं आणि सगळे मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीच्या वेळेला आपल्या खुर्चीत हजर होते. रन मुंगीच्या पावलांनी चालला होता. सगळी समीकरणं जागी, एकमेकांच्या खोड्या काढत. पोरं येऊन विचारत, काका, निदान रात्रीच्या भागापुरता तरी प्रवाह झोपवू या का? काका मान हलवत. तो निळा पडदा भिंतीवरून खाली घसरताना बघत ते तासन् तास बसत. यापूर्वी इतका वेळ त्यांनी कशाहीकडे नुसतं बघितलं नव्हतं.

उत्तर आलं ते वाईटच आलं. रविवारी दुपारपर्यंतच पाणी चादरींच्या कामातून गेलं होतं. तापक बसवावा लागणार होता. धुलाईघराचा माणूस कुरकुरत आला आणि विचारू लागला, पण बिघडतं नेमकं कधी ते दाखवा, म्हणजे त्या वेळेला काहीतरी करता येईल. काकांनी त्याला आलेख दाखवला. रेघ शुक्रवारपासून सोमवारपर्यंत उतरत गेली होती, कुठे पायरी नाही, कुठे वळण नाही. बोट ठेवावं अशी एक जागा त्या रेघेवर नव्हती. त्या माणसाला ते पटलं नाही. काकांनाही त्या रात्री ते पटलं नाही.

रविवारी त्यांनी नेहमीच्या वेळेला फोन लावला. जेवलीस का, हे त्यांनी विचारलं नाही.

‘एक विचारू?’ ते म्हणाले. ‘परत यायचं नाही असं तू कधी ठरवलंस?’

‘ठरवलं असं कधी नाही,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘एका रविवारी तुमचा फोन आलाच नाही. ते माझ्या लक्षात आलं बुधवारी. भाजी चिरताना. तीन दिवस मला पत्ता नव्हता. तेव्हा कळलं, की झालं हे.’

‘कुठला रविवार?’

‘बघा,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, पुढच्या रविवारी काहीतरी म्हणाल. राहून गेलं, बरं नव्हतं, काहीही. तुम्ही विचारलंत, ऊन फार आहे का तिकडे.’

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. आजारी होते का? फोन बिघडला होता? ऑफिसात गेले होते? वीस वर्षांपूर्वीच्या रनमध्ये प्रवाह कुठे झोपवला होता ते त्यांना सांगता आलं असतं. हा रविवार त्यांना सापडेना. तो चुकला होता हेच त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं.

‘ठेवते मग,’ ती म्हणाली.

‘ठेवू नकोस.’

‘बोलायचंय का काही?’

बोलायचं काय ते काकांना माहीत नव्हतं. माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं. ती हसली की तिने उसासा टाकला ते कळलं नाही, पण तिने फोन बंद केला नाही. तो तसाच कुठेतरी ओट्यावर ठेवून ती कामाला लागली असावी. नळ सुटला, भांडी घासल्याचा आवाज आला, नात काहीतरी विचारून गेली, तिने काहीतरी उत्तर दिलं. काका फोन कानाला लावून ऐकत बसले.